झाडावरचे पांढरे: मुंबईच्या उपनगरांतील खवले किडींची ओळख

मुंबईच्या उपनगरांत झाड वाळायला लागले की निदान फार लवकर होते. 'मिलीबग लागलाय' असे कुणीतरी म्हणते, माळी मान डोलावतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो फिरतो आणि संध्याकाळपर्यंत फवारणीवाल्याचा नंबरही मिळालेला असतो. झाड कोणते, पांढरे नेमके कुठे आहे, पानावर, कोवळ्या शेंड्यावर की सालीच्या भेगेत, हे कुणी विचारत नाही. अंधेरीत जास्वंदीवर दिसले तेही मिलीबग, बोरिवलीत नारळाच्या झावळीखाली दिसले तेही, मुलुंडला रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षावर दिसले तेही आणि घाटकोपरला गच्चीतल्या सायकसवर दिसले तेही. या चार ठिकाणी चार वेगळ्या किडी असू शकतात. नारळाखालची तर बहुधा खवले कीडही नसते आणि पिठ्या ढेकूणही नसतो. तिच्याकडे पुढे येऊ.

'मिलीबग' हा शब्द उपनगरांच्या तोंडी बसवला तो पर्जन्यवृक्षांनी. विलायती शिरीष, रेन ट्री, शास्त्रीय नाव सॅमेनिया समान. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा वृक्ष भराभर वाढतो आणि त्याची छत्री रस्त्याच्या दोन्ही कडांना पुरते. म्हणून जुहू-पार्ल्याच्या स्कीममध्ये, मुलुंडच्या जुन्या रस्त्यांवर, आरे कॉलनीत सावली असते ती बरीचशी त्याची. गेल्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत हे वृक्ष वाळत असल्याच्या तक्रारी आणि बातम्या वाढत गेल्या. फांद्यांवर पांढरा कापूस, खाली उभ्या गाड्यांवर चिकट थेंब, मग पानगळ, मग बोडक्या फांद्या. महापालिकेच्या उद्यान खात्याने फवारण्या केल्या, मेलेली झाडे उतरवली. 2018 च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे 29.75 लाख झाडे मोजली गेली. त्यांत रस्त्यावर खरी सावली धरणारी मोठी झाडे थोडीच, त्यामुळे एकेका पर्जन्यवृक्षाची हळहळ रास्तच होती.

पण त्या शब्दाने एक नुकसानही केले. झाड मरण्याची बाकीची कारणे त्याच्या आड गेली. बुंध्यापर्यंत आलेले सिमेंट, केबलसाठी चर खणताना तोडलेली मुळे, पावसाळ्यापूर्वी एकाच बाजूने केलेली छाटणी आणि कधी कधी बुंध्याला भोक पाडून ओतलेले विष. ही कारणे माणसाकडे बोट दाखवतात, कीड कुणाकडेच दाखवत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला, तो तिथेही मुळांचा श्वास कोंडला होता म्हणूनच. रस शोषणाऱ्या किडी ताण सोसणाऱ्या झाडावर जास्त माजतात हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून झाडावर कीड सापडली की ती मारेकरी आहे असे लगेच धरू नये. ती आधी आली की झाड खचल्यावर आली, हे ठरवायला ती कोण आहे ते कळावे लागते.

खवले किडींचा अख्खा कुळसमूह मिळून जगात आठ हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांचे हे भाऊबंद. सगळ्यांना सोंड असते आणि ती सगळे झाडात खुपसून बसतात. खवले किडींची खासियत अशी की प्रौढ मादीला पंख कधीच फुटत नाहीत, आणि बहुतेक जातींत ती एकदा बसली की जागची हलत नाही. बऱ्याच जातींत तिचे पायही झडून जातात किंवा नावापुरते उरतात. नराला मात्र पंखांची एकच जोडी असते, तोंड नसते, आणि तो काही दिवसांत मरतो. त्यामुळे झाडावर आपल्याला जे दिसते ती जवळपास नेहमी मादी, तिची अंडी, तिची पिल्ले किंवा तिने अंगावर चढवलेले मेण. पसरण्याचे काम करते ते नुकतेच अंड्यातून निघालेले, सहा पायांचे, मिलिमीटरपेक्षाही लहान पिल्लू. त्याला वारा नेतो, मुंगी नेते, पक्ष्याच्या पायाला ते चिकटते, नर्सरीच्या टेम्पोतून येते. छाटलेल्या फांद्या उघड्या ट्रकमधून चार रस्ते फिरवून नेतात तेव्हाही ते फिरते, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

ओळखीची पहिली पायरी म्हणजे घराणे ओळखणे, आणि त्यासाठी लागते एक टाचणी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग. सोनाराकडे असते तसले. फांदी उन्हात धरावी आणि एका खवल्याच्या कडेखाली टाचणीचे टोक घालून हलकेच उचलावे. टिकलीसारखे आवरण अख्खे निघून आले, आणि खाली पिवळसर किंवा केशरी, पाय नसलेला, रसाळ ठिपका तसाच फांदीला चिकटून राहिला, तर ती कवचधारी खवले कीड. आवरण आणि किडा ही तिच्यात दोन वेगळी असतात. आवरणाच्या मध्यावर किंवा एका टोकाला गडद रंगाचा बारीक उंचवटा दिसतो. ती तिने टाकलेली जुनी कात, घराच्या छपरातच बसवलेली. उसावरची खवले कीड याच घराण्यातली, नारळावरची पारदर्शक गोल खवले कीडही याच घराण्यातली. उलट आवरण उचलताना किडाच निघून आला, पाठ म्हणजेच आवरण असले, तर ती मऊ खवले कीड. पेरूच्या आणि चिकूच्या पानांच्या शिरांवर चपट्या हिरव्या किंवा तपकिरी पुटकुळ्या दिसतात त्या बहुधा या घराण्यातल्या. तिसरे घराणे पिठ्या ढेकणांचे, म्हणजे खऱ्या मिलीबगचे. अंगावर पीठ, कडेने मेणाचे बारीक दोरे, पाय शाबूत, टोचले तर हळूहळू चालते. आणि चौथे म्हणजे मोठ्या अंगाचे आयसेरियासारखे किडे. त्यांच्या मागच्या बाजूला पन्हाळी पत्र्यागत नळ्यानळ्यांची पांढरी पिशवी असते.

दुसरी खूण चिकट्याची. मऊ खवले, पिठ्या ढेकूण आणि आयसेरिया झाडाच्या रसवाहिन्यांतून पितात. त्या रसात साखर फार आणि बाकीचे पोषण थोडे, म्हणून जादा साखर ते मागून टाकून देतात. तोच गाडीच्या काचेवर पडणारा चिकटा. त्यावर काळी बुरशी चढते, पाने काजळल्यासारखी होतात, आणि त्याच्या मागे मुंग्या येतात. कवचधारी खवले रसवाहिनीपर्यंत जात नाहीत, पेशी फोडून त्यांतला अर्क पितात, म्हणून त्या चिकटा टाकत नाहीत. तेव्हा झाडावर पांढरे आहे पण पाने कोरडी, काजळी नाही, मुंग्यांची रांग नाही, तर संशय कवचधारींवर घ्यावा. चिकटा भरपूर पण पांढरे कुठेच नाही, तर वरच्या फांद्यांत मऊ खवले किंवा मावा शोधावा. या एका खुणेवर औषधाची निवड अवलंबून असते. झाडाच्या मुळाशी घालून रसातून चढवायचे इमिडाक्लोप्रिडसारखे औषध रसवाहिनीतून पिणाऱ्यांना गाठते. कवचधारींवर त्याचा प्रभाव कमी पडतो, कारण त्या त्या नळावर पीतच नाहीत. उपनगरात मात्र दोघांवर सरसकट एकच बाटली ओतली जाते.

आता पाइनकडे, कारण उपनगरांतही काही झाडांना हे नाव चिकटले आहे. खवले किडींवरचे परदेशी साहित्य चाळले की पाइन वारंवार भेटतो, कारण थंड देशांत तोच बागेतला आणि जंगलातला मुख्य वृक्ष. त्याच्या सुईसारख्या पानांवर पांढऱ्या लांबट ठिपक्यांच्या ओळी दिसल्या की उत्तर अमेरिकेतला माळी कायोनॅस्पिस पिनिफोलिई हे नाव घेतो. सालीखाली लपणारे मॅट्सुकॉकस चीन आणि भूमध्य समुद्राच्या काठचे पाइन वाळवतात. अमेरिकेतल्या जॉर्जियातून 1988 मध्ये पाइनच्या कलमांबरोबर एक पिठ्या ढेकूण चीनच्या ग्वांगडोंगमध्ये पोचला आणि तिथली लागवड त्याने धरली. ग्रीसमध्ये उलटा प्रकार. मार्शालिना हेलेनिका नावाची कीड पाइनचा रस पिऊन चिकटा टाकते, मधमाश्या तो गोळा करतात, आणि त्या देशातला निम्म्याहून जास्त मध असा किडीच्या मेहेरबानीचा असतो. तीच कीड 2014 मध्ये मेलबर्नमध्ये सापडली तेव्हा ऑस्ट्रेलियाने तिच्यामागे पथके लावली. मधमाशीपालकाची लक्ष्मी दुसरीकडे परकी कीड ठरली.

महाराष्ट्रात पाइन नाही. सह्याद्रीच्या आपल्या भागात सूचिपर्णी वृक्ष मुळातच उगवत नाहीत. द्वीपकल्पातला एकमेव देशी सूचिपर्णी दक्षिणेकडच्या घाटांत आहे. तरीही उपनगरांत लोक 'पाइन' म्हणतात ते तीन झाडांना. पहिले सुरू, जुहू-वर्सोव्याच्या आणि गोराईच्या किनाऱ्यावरचे. ते सुईदार दिसते, पण त्या सुया म्हणजे बारीक फांद्या, आणि झाड सपुष्प. दुसरे अरॉकेरिया, डिसेंबरात 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत विकले जाते ते. तिसरी मोरपंखी. आणि सोसायटीच्या दारात दोन्हीकडे ठेवलेला सायकस पाइनच्याच लांबच्या नात्यातला, अनावृतबीजी. सायकसची पाने कुणी पांढरा रंग उडवल्यासारखी दिसत असतील तर भिंग घेऊन जरूर बसावे. थायलंडमधून 1977 मध्ये नोंदली गेलेली ऑलाकॅस्पिस यासुमात्सुई ही कवचधारी खवले कीड 1996 मध्ये फ्लोरिडात, 2003 मध्ये ग्वाममध्ये पोचली, आणि ग्वामच्या रानातल्या देशी सायकसांची तिने दैना केली. शोभेच्या झाडांच्या व्यापाराने ती फिरली. आपल्याकडच्या सायकसच्या कुंड्याही व्यापारातूनच येतात.

सुरूवर मोठा पांढरा किडा दिसला तर आयसेरिया पर्चेसी आठवावा. ऑस्ट्रेलियाचा हा किडा 1868 च्या सुमारास कॅलिफोर्नियात पोचला आणि वीस वर्षांत त्याने संत्र्याच्या बागा बुडवायला घेतल्या. अल्बर्ट कोबेले हा माणूस 1888 मध्ये ऑस्ट्रेलियातून व्हेडालिया नावाचा लाल-काळा ढालकिडा घेऊन आला आणि वर्ष-दीड वर्षात बागा वाचल्या. हाच आयसेरिया 1928 मध्ये निलगिरीत वॅटलच्या झाडांवर सापडला, आणि पाठोपाठ 1929 मध्ये व्हेडालियाही आणला गेला. इथे कीड कोण हे पहिल्यापासून पक्के ठाऊक होते, म्हणून तिचा शत्रूही हुकमी निघाला.

तसे नसताना काय होते, याची भारतातली गोष्ट फार जुनी आहे. कोचिनील हा लाल रंग देणारी खवले कीड निवडुंगावर वाढते आणि त्या रंगावर स्पेनची मक्तेदारी होती. ईस्ट इंडिया कंपनीला तो धंदा इथे हवा होता. 1795 मध्ये कॅप्टन नीलसन रिओ दि जानेरोहून किडे घेऊन कलकत्त्याला उतरला. पण ते खऱ्या कोचिनीलचे किडे नव्हते, त्याच्या रानटी चुलतभावाचे होते, डॅक्टिलोपियस सिलोनिकसचे. रंग बेताचाच निघाला. किड्यांनी मात्र निवडुंगाची एक जात देशाच्या मोठ्या भागात खाऊन संपवली. नुकसान झाले ते कंपनीच्या वहीत. शेतकऱ्याचे भलेच झाले. चुकलेल्या ओळखीतून निघालेले हे तण-नियंत्रण जगातले या प्रकारचे पहिले उदाहरण मानले जाते. फड्या निवडुंगाच्या दुसऱ्या जातीला हा किडा शिवत नव्हता, म्हणून 1926 मध्ये सिलोनमधून डॅक्टिलोपियस ओपन्शी आणला, या वेळी जात नीट पारखून, आणि दक्षिणेत त्याने निवडुंगाची रानेच्या राने आडवी केली. आजही कोरड्या माळावरच्या निवडुंगावर पांढरा कापसाचा ठिपका चिरडला की बोट गडद लाल होते, ते हेच घराणे.

लाख हाही खवले किडीचाच माल. गोंदिया-गडचिरोलीकडे पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचा किडा पाळतात. रांचीजवळ नामकुमला 1924 मध्ये त्याच्यासाठी संशोधन संस्था उभी राहिली. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांतली लाख याच किड्याच्या अंगातली. थायलंडमध्ये लाखेची शेती प्रामुख्याने पर्जन्यवृक्षावर होते, ही गोष्ट मुंबईत फारशी कुणाला माहीत नाही. तेव्हा पर्जन्यवृक्षाच्या डहाळीवर तांबूस, खडबडीत, नखाने तुटणारे कवच सलग चढलेले दिसले तर ते पिठ्या ढेकणाच्या खात्यात टाकण्याआधी एक तुकडा जाळून पाहावा. दागिन्यांत भरायच्या लाखेचा वास ओळखीचा असतो.

आता ज्यांना आपण मिलीबग समजतो पण जे नसतात, ते. नारळ, पेरू, केळ, चाफा यांच्या पानांखाली पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी, मधोमध पंखवाले बारीक पांढरे किडे, हात लावला की उडतात: ती रुगोज चक्राकार पांढरी माशी. ती भारतात 2016 मध्ये तामिळनाडूतल्या पोल्लाचीजवळ प्रथम नोंदली गेली आणि किनाऱ्याने वर सरकत महाराष्ट्राच्या नारळापर्यंत आली. तिच्यावर उपजीविका करणारी एन्कार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशी बहुतेक ठिकाणी तिच्या मागोमाग पोचते, आणि फवारणी केली की पहिला बळी तीच जाते. खवले किडीची प्रौढ मादी कधीच उडत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी नारळाखालचे निम्मे गैरसमज मिटतील. उसावरचा लोकरी मावा महाराष्ट्राने 2002 मध्ये सांगलीत पाहिला. तोही पांढरा, तोही कापसासारखा, पण माव्याच्या कुळातला. त्या वेळी शेतकऱ्यांनी डायफा आणि मायक्रोमस ही मित्रकिडींची नावे पाठ केली, एका शेतातून दुसऱ्या शेतात पाने नेऊन त्या पसरवल्या. शहरातल्या शिकलेल्या माणसाने तेवढे केलेले मी अजून पाहिलेले नाही.

सर्वांत वाईट गल्लत होते ती क्रिप्टोलेमसच्या अळीची. हा ढालकिडा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला तो कॉफीवरच्या हिरव्या खवल्यांसाठी. तिथे त्याचे काही जमले नाही, पण पिठ्या ढेकणांवर तो रुजला आणि आज नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या तोंडी त्याचे नाव असते. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे झुबके बाळगते आणि दिसते हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी. जास्वंदीच्या शेंड्यावर पांढऱ्या किड्यांच्या गर्दीत एखादा दुप्पट-तिप्पट मोठा, केसाळ, बाकीच्यांपेक्षा चपळ आणि मधूनच दुसऱ्यावर तोंड खुपसणारा दिसला, तर तो खाणारा आहे, खाल्ला जाणारा नव्हे. टूथब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन बसलेला माणूस नेमका त्यालाच आधी चिरडतो, कारण तो मोठा दिसतो. एपफ्लाय या फुलपाखराची अळीही पिठ्या ढेकूण खाते, त्यांचेच पीठ अंगावर लावून हिंडते, आणि तिचा कोश पुढून माकडाच्या तोंडासारखा दिसतो. तो कोश दिसला तर त्या झाडावर महिनाभर तरी काही फवारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या सालीवरचे दगडफूल, सालीची नैसर्गिक छिद्रे आणि पक्ष्यांची शीट यांनाही लोक कीड म्हणून मोजतात. टाचणी लावली की त्यांचा उलगडा होतो.

खऱ्या पिठ्या ढेकणांत डोळ्यांनी आणि भिंगाने थोडे पुढे जाता येते. पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या जोड्या, जास्वंद किंवा काँग्रेस गवतावर वस्ती: बहुधा फेनाकॉकस सोलेनॉप्सिस, कपाशीवरचा. पाठीवर दोन गडद पट्टे आणि मागे दोन लांब शेपट्या: फेरिसिया. अंगाचा रस गुलाबी, शेंडे आखडून मुठीसारखे झालेले: मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस, द्राक्षवाल्यांचा जुना वैरी. पपई, चाफा, तगर यांवर पिवळसर अंगाचा, पातळ पिठाचा: पॅराकॉकस मार्जिनेटस. याची एक मजेदार परीक्षा आहे. काचेच्या छोट्या बाटलीत अल्कोहोल घेऊन त्यात हा पिवळा किडा टाकावा. काही काळाने तो निळसर काळा पडतो. सोबत फेरिसिया किंवा सोलेनॉप्सिस टाकून फरक पाहावा. ही परीक्षा पुरावा नव्हे, दिशा दाखवते. तरी निदानाच्या बाबतीत सोसायटीच्या गटावरच्या दहा फोटोंपेक्षा मी तिच्यावर जास्त विसंबेन.

यांतल्या सोलेनॉप्सिस आणि मार्जिनेटस या दोन परक्यांची कहाणी सांगितलीच पाहिजे, कारण ओळख पटल्याने काय साधते ते त्यांतून दिसते. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाने 2005 नंतर पाकिस्तान, गुजरात, मग विदर्भ असा मुलूख धरला तेव्हा आधी त्याच्या नावाचाच घोळ झाला. पाकिस्तानात त्याला नवी जात समजून नवे नावही दिले गेले. अमेरिकेतून 1898 मध्ये वर्णिलेला सोलेनॉप्सिस तोच, हे ठरल्यावर त्याच्या मूळ मुलखातले साहित्य हाताशी आले. पाठोपाठ त्याच्या पोटात अंडी घालणारी एनासियस ही सूक्ष्म गांधीलमाशी इथल्या शेतांत आपणहून आलेली आढळली. पपईवरचा मार्जिनेटस 2008 मध्ये कोइंबतूरला सापडला, पपई आणि तुती बसली. मेक्सिकोकडचा हा किडा आणि त्याचे शत्रू अमेरिकी कृषी खात्याने आधीच अभ्यासलेले होते. 2010 मध्ये पोर्टो रिकोहून असेरोफॅगस पपाये ही परजीवी माशी बंगळूरूच्या कृषी कीटक ब्यूरोत आली, वाढवून वाटली गेली, आणि पपईचे मळे पुन्हा उभे राहिले. ज्या बागांत रोज फवारणी चालू होती तिथे ती माशी टिकली नाही.

पर्जन्यवृक्षापुरते बोलायचे तर एक दूरचा दाखला फार जवळचा आहे. 1994 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर गुलाबी पिठ्या ढेकूण, म्हणजे आपल्या द्राक्षांवरचाच हिर्सुटस, पोचला. जास्वंदीबरोबर त्याने तिथले पर्जन्यवृक्षही धरले, आणि त्या झाडाचे माहेर तिथून फार लांब नाही. तिथे चीनमधून अ‍ॅनागायरस ही परजीवी माशी आणि भारतातून क्रिप्टोलेमस नेला गेला, प्रादुर्भाव ओसरला. म्हणजे आपल्या मातीतला किडा तिकडे गेला, तिकडचे झाड आपल्याकडे आले, आणि दोघांची गाठ कुठेही पडू शकते. मुंबईतल्या पर्जन्यवृक्षांवर हिर्सुटस आहे की फेरिसिया की आणखी कुणी, की एकाच फांदीवर दोघे-तिघे, हे फांदीगणिक तपासावे लागेल. बातमीतला 'मिलीबग' त्याचे उत्तर नाही. शत्रुकीटक सोडायचे ठरले तर अ‍ॅनागायरस एकाला चालेल, दुसऱ्याला नाही. क्रिप्टोलेमस तेवढा बहुतेकांना खातो, पण त्याला भरपूर खाद्य लागते आणि मुंग्या त्याला हाकलतात.

मुंग्यांचा मुद्दा मला फवारणीपेक्षा मोलाचा वाटतो. चिकट्याच्या लोभाने त्या पिठ्या ढेकणांची राखण करतात, पिल्ले नव्या शेंड्यांवर नेतात, ढालकिड्याच्या अळीला चावतात. आंब्यावर पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या घरट्यातही मऊ खवल्यांचे गोठे सापडतात. बुंध्याला रुंद चिकटपट्टी गुंडाळून आणि शेजारच्या भिंतीला टेकलेल्या फांद्या सोडवून मुंग्यांची ये-जा तोडली, तर छोट्या झाडावर बाकीचे काम मित्रकिडी करतात. पन्नास फुटी पर्जन्यवृक्षावर एवढ्याने भागत नाही हे खरे. पण तेवढ्या उंचीवर खिडक्यांच्या रांगेसमोर विष उडवण्यानेही भागत नाही. अर्धे औषध खालच्या पदपथावर येते.

जातीपर्यंतची ओळख मात्र घरी होत नाही, फोटोवर तर नाहीच. ती प्रौढ मादीवरच होते. किडा पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात शिजवून आतला सगळा ऐवज काढून टाकतात, उरलेली पारदर्शक कातडी लाल रंगात बुडवतात, काचपट्टीवर कॅनडा बाल्समात बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावरची छिद्रे, नळ्या, काटे आणि कडेचे मेणाचे पुंजके मोजतात. कवचधारींत शेपटीकडच्या कडेची दातेरी घडण पाहतात. या विद्येचा आपल्याकडचा पाया इंग्रज अमलात पडला: अर्नेस्ट ग्रीनने 1896 ते 1922 या काळात सिलोनच्या खवले किडींवर पाच भाग लिहिले. डी. जे. विल्यम्सचा दक्षिण आशियातल्या पिठ्या ढेकणांवरचा ग्रंथ 2004 चा. अजूनही तोच उघडावा लागतो. डीएनएची तपासणी आता होते, पण जिच्याशी ताडायचे ती नोंद नीट ओळखलेल्या नमुन्याची असेल तरच तिला अर्थ. बंगळूरूचा ब्यूरो, पुण्यात आकुर्डीला असलेले प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र, दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, ही आपल्याला जवळची ठिकाणे. वॉर्डाच्या उद्यान साहाय्यकाकडून, मग तो अंधेरीचा के पूर्व असो, बोरिवलीचा आर मध्य, मुलुंडचा टी की घाटकोपरचा एन, ही ओळख अपेक्षिणे अन्यायाचे आहे. 1975 च्या झाडांविषयीच्या कायद्याने त्याला तोडणी-छाटणीच्या अर्जांत पुरते गुंतवले आहे. नमुना नीट गोळा करून पुढे पाठवणे एवढे त्याला आणि आपल्याला जमण्यासारखे आहे.

नमुना म्हणजे पांढरा चुरा नव्हे. किडे बसलेली बोटभर डहाळी कापून अल्कोहोलच्या बाटलीत, आणि दुसरा तुकडा कागदात गुंडाळून कोरडा. कवचधारींसाठी कोरडा तुकडाच जास्त उपयोगी. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: झाडाचे नाव, रस्ता, तारीख, किडा झाडाच्या कुठल्या भागावर होता, चिकटा होता का, मुंग्या होत्या का. शाईने लिहू नये, अल्कोहोलमध्ये ती विरघळते.

आणि फवारायचेच असेल तर वेळ पाहावी लागते. मेणाखालच्या प्रौढ मादीवर साबण, कडुनिंबाचे तेल, फिश ऑइल रोझिन सोप यांचा फारसा उपयोग होत नाही. ते रांगत्या पिल्लांवर चालते. मुंबईच्या मुसळधार पावसात ही पिल्ले धुऊन जातात, म्हणून गर्दी वाढते ती पाऊस सरल्यावर, आणि पर्जन्यवृक्ष उन्हाळ्याच्या तोंडाला पाने टाकून नवी पालवी काढतो तेव्हा पुन्हा. पिल्ले केव्हा निघाली ते कळायला दोन्हीकडून चिकटणारी पारदर्शक पट्टी हाताला येणाऱ्या फांदीभोवती गुंडाळावी, आठवड्याने काढून पांढऱ्या कागदावर चिकटवावी आणि भिंगाखाली पिवळे-केशरी ठिपके मोजावेत. ठिपके एकदम वाढले की फवारणीचा आठवडा तो. फवारणीनंतर खवले फांदीवर तसेच दिसत राहतील, कारण मेलेली खवले कीडही महिनोन् महिने गळून पडत नाही. पाच-पंचवीस खवले टाचणीने उचलून पाहावेत. खाली रस असेल तर ती जिवंत, कोरडा भुगा असेल तर मेलेली, आणि आवरणाला गोल छिद्र असेल तर आतून एखादी परजीवी माशी बाहेर पडून गेलेली आहे. अशी छिद्रे बरीच दिसली तर दुसरी फवारणी रद्द करावी.